आपटबाई आणि आतून दबलेलं हेल्मेट

कारखान्यात तिला सगळे आपटबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. राग यायला तिच्याकडे इतर पुष्कळ कारणं होती.

सव्वीस वर्षं ती हेल्मेटं आपटत आली होती. मोटारसायकलवाल्यांसाठी बनलेल्या प्रत्येक खेपेतली दहा हेल्मेटं तिच्या खोलीत यायची. खोलीच्या मधोमध दोन पुरुष उंचीचा लोखंडी मनोरा, खाली पोलादी ऐरण. हेल्मेट वर चढवायचं, कळ दाबायची आणि कानांवर हात ठेवायचे. हेल्मेटाच्या आत एक धातूचं डोकं बसवलेलं असे. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, नुसता गोळा आणि हनुवटी. धक्का मेंदूपर्यंत किती पोचला असता, ते त्याच्या आतला सेन्सर सांगायचा. या डोक्याचं नाव तिने सासरेबुवा ठेवलं होतं. लग्न तिने केलं नव्हतं. "सासऱ्याला आपटायची हौस इथेच फिटते, मग नवरा कशाला करायचा?" असं ती नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, म्हणजे पुढचे प्रश्न वाचत.

या कामावर ती आली तीही स्वभावामुळेच. आधी ती पॅकिंगला होती आणि खोकी इतकी आदळायची की मुकादम वैतागला. त्याच सुमारास आपटायच्या कामावरचा म्हातारा कारागीर निवृत्त होत होता, आणि त्या आवाजात दिवस काढायला कोणी तयार नव्हतं. साहेब म्हणाले, हिची आदळआपट फुकट जातेय, हिला तिकडे बसवा. म्हाताऱ्याने तिला जाताना एकच गोष्ट शिकवली. बाहेरचं कवच बघायचं नाही, ते दबतं आणि परत फुगतं. आतलं कापडी अस्तर काढायचं आणि पांढऱ्या फोमवरून अंगठा फिरवायचा. फोम एकदा दबला की परत वर येत नाही.

दहाही हेल्मेटं पास झाली की ती खेपेच्या कागदावर सही करायची, आणि त्या सहीचा छापील स्टिकर खेपेतल्या प्रत्येक हेल्मेटात अस्तराखाली लागायचा. ज्यांच्यासाठी तो असे, त्यांतल्या एकानेही तो कधी पाहिला नसेल. आपटबाईला मात्र त्याचा कोण अभिमान.

घरी तिची धाकटी बहीण होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दोघी बहिणी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे राहत होत्या, फक्त खणखणाट फार व्हायचा. धाकटी मोटारसायकलवरून औषधांची पार्सलं पोचवायची. अकरा वर्षांत ती एकदाही पडली नव्हती. त्यांच्या गाडीतळावर एक फळा होता, त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे तो किती वेळा पडला त्याचा आकडा. सगळ्यांत वर धाकटी, आणि तिच्यापुढे शून्य. त्या शून्याचा तोरा ती सोन्याच्या बांगडीसारखा मिरवायची.

मागच्या वर्षी कारखान्याने स्मार्ट हेल्मेट काढलं. माथ्याखाली बटणाएवढे सेन्सर. आपटलं की धक्का किती जोराचा होता आणि डोकं किती पिरगळलं ते मोजायचं आणि ते विकत घेणाऱ्या कंपनीच्या कचेरीला संदेश पाठवायचा: हिरवा, पिवळा किंवा लाल. लाल म्हणजे डोक्याला इजा असू शकते, ताबडतोब दवाखान्यात न्या. आत डोकं आहे की नाही हे त्याला हनुवटीखालच्या बक्कलवरून कळायचं. बक्कल लावलेलं असलं की डोकं आत आहे. धाकटीच्या कंपनीने तीनशे हेल्मेटं घेतली, आणि त्या खेपेवर सही आपटबाईचीच होती. इतकी वर्षं जे फक्त सासरेबुवांना कळत होतं ते आता जिवंत डोक्यांवर फिरणार, या आनंदात तिने त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला.

घोडं पेंड खायचं ते बक्कलपाशी. पार्सलवाल्यांना दिवसाला साठ दारं. साठ वेळा हेल्मेट काढायचं, साठ वेळा घालायचं, त्यात बक्कल लावत बसेल कोण? सगळ्यांनी पट्टा सैल केला, बक्कल एकदा लावलं ते कायमचं, आणि हेल्मेट टोपीसारखं ओढायला लागले. काढलं की गाडीच्या आरशावर लटकवायचं. तिथून ते पडायचंच, आणि पडलं की बक्कल लागलेलं असल्यामुळे हेल्मेटाला वाटायचं, माणूसच पडला. पहिल्या आठवड्यात चाळीस लाल संदेश आले. तळावरचा मुकादम पहिल्या तीन वेळा औषधाची पेटी घेऊन धावला, मग लांडगा आला रे आला झालं. शेवटी कंपनीने कारखान्याकडून सगळ्यांच्या फोनवर एक बटण करून घेतलं: 'रिकामं'. लाल संदेश गेला की ते दाबायचं, नोंद बंद.

धाकटीने ही गंमत जेवताना सांगितली तेव्हा आपटबाई हसली, आणि मग घास तसाच हातात राहिला. बक्कलची चाचणी तिनेच घेतली होती, पण सासरेबुवांना आत बसवून. रिकामं हेल्मेट आरशावर टांगून बघायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, पुढच्या मॉडेलमध्ये बघू. तीही गप्प बसली. तो गप्पपणा तिने स्वतःला कधी माफ केला नाही.

मग तो गुरुवार आला. आपटबाईची त्या दिवशी सुट्टी होती. रोज सहाला येणारी धाकटी तीनला घरी आली. उन्हाने डोकं दुखतंय म्हणाली आणि पडदा ओढून बसली. आज वार कोणता, असं तिने तासाभरात तीनदा विचारलं. चहा कपाऐवजी साखरेच्या डब्यात ओतला. "अगं, डोळे कुठे आहेत तुझे?" आपटबाई ओरडली. नाकावर माशी बसू न देणारी धाकटी उलट न बोलता खाली मान घालून डबा पुसत राहिली. आपटबाईने तेव्हाच ठरवलं, उद्या हिला डॉक्टरांकडे न्यायचं.

शुक्रवारी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, "पडलात का कुठे?" धाकटी ठामपणे म्हणाली, "नाही." डॉक्टरांनी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या.

शनिवारी सकाळी आपटबाईने खुंटीवरचं हेल्मेट काढलं, खिडकीत नेलं आणि अस्तर सोडवलं. डाव्या बाजूला, मागे, कानाच्या वर, अंगठा खाली गेला. सुपारी मावेल एवढा खड्डा. त्याच्या शेजारीच स्टिकर होता आणि त्यावर तिची स्वतःची सही.

"हे कधी झालं?" तिने विचारलं.

"काय?"

"तू पडलीस."

"मी?" धाकटी उठून बसली. "अकरा वर्षांत मी पडले नाही, ताई. गुरुवारी हेल्मेट पडलं आरशावरून. हे बघ फोनमध्ये, मीच दाबलंय, रिकामं."

"दाबलेलं आठवतंय?"

"रोज दाबते. कुठलं कुठलं आठवू?"

"कुठल्या दारात उभी होतीस?"

धाकटीने कपाळ दाबलं. "असेल कुठलंतरी. डोकं खाऊ नकोस, ते आधीच दुखतंय."

आपटबाईने तिचा हात ओढला आणि तिचा अंगठा त्या खड्ड्यात दाबला. "आरशावरून पडलं तर बाहेर ओरखडा येतो. आत काही होत नाही. हा फोम आतून दबलाय. आतून दाबायला आत कोणीतरी लागतं."

"जुना असेल खड्डा."

"ही सही कोणाची आहे? माझ्या हातून खड्ड्यासकट हेल्मेट जाईल?"

धाकटीने हात सोडवून घेतला. "मग मोठ्या दवाखान्यात जाऊन काय सांगू? न पडलेल्या बाईचं डोकं तपासा? माझं डोकं, ताई, आणि मी सांगतेय मी पडले नाही. तुला सिद्ध करायचं तर कर. सोमवारी मी गाडीवर."

आपटबाईला भीती होती ती सोमवारचीच. एकदा आपटलेल्या हेल्मेटावर ती लाल फुली मारायची आणि ते मोडीत टाकायची, कारण दुसरा धक्का, मग तो कितीही लहान असो, त्याला सोसत नाही. डोक्याचंही तसंच असतं हे ती इतकी वर्षं कारखान्यात येणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकत आली होती. फुली मारून डोकं मोडीत टाकता येत नाही, एवढाच फरक.

ती तडक गाडीतळावर गेली. मुकादम टेबलामागे बसला होता आणि मागे तो फळा.

"बाई, तुमची बहीण म्हणते पडले नाही," मुकादम म्हणाला. "फोन म्हणतो पडली नाही. डॉक्टर म्हणतात पडली नाही. तुम्ही एकट्या म्हणता पडली."

"मी आणि तुमचं हेल्मेट. दोघं," आपटबाई म्हणाली. "त्याने लाल सांगितलं होतं. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत."

"नोंद एकदा बंद झाली की उघडत नाही."

"कागदावरची उघडत नसेल. हेल्मेटात सगळं साठलेलं असतं."

"ते तुमच्या कारखान्यात उघडतात, इथे नाही. तुमच्या साहेबांना विचारा." मुकादम तसा वाईट माणूस नव्हता. पण फळ्यावरचं शून्य त्यालाही तेवढंच लाडकं होतं, आणि अळीमिळी गुपचिळीत सगळ्यांचंच भलं दिसत होतं.

सोमवारी सकाळी धाकटी तयार झाली तर गाडीची किल्ली जागेवर नाही. "डब्यात आहे," आपटबाई म्हणाली, "माझ्या जेवणाच्या, सगळ्यांत खालच्या कप्प्यात. पाहिजे तर माझ्याबरोबर कारखान्यात चल. एक तास दे. मग तू मोकळी."

धाकटीने शिव्या दिल्या, पण त्यांत नेहमीची धार नव्हती. बसमध्ये ती सगळा वेळ डोळ्यांवर हात घेऊन बसली.

कारखान्याच्या फाटकात नवी नऊशे हेल्मेटं भरलेला ट्रक उभा होता. चाचणी शनिवारीच झाली होती, फक्त सही राहिली होती. साहेब स्वतः कागद घेऊन आले. आपटबाईने कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर धाकटीचं हेल्मेट ठेवलं.

"आधी हे उघडा, साहेब."

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यातली माहिती त्या कंपनीची आहे. मला उघडता येणार नाही."

"मग मला सही करता येणार नाही."

"बाई, तुम्ही मला अडवून धरताय."

"अडवत नाही. या हेल्मेटाने लाल सांगितलं. ते खरं की खोटं मला माहीत नाही. खरं असेल तर त्याच्या बोलण्यावर पाणी ओतणारं बटण आपणच करून दिलंय. खोटं असेल तर हेल्मेट वाईट आहे. दोन्हीकडून माझी सही अडलीय."

"चार वर्षं राहिलीत तुमची निवृत्तीला," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"सव्वीस वर्षं खरी सही केली. आता चार वर्षांसाठी खोटी कशाला करू? काढा कामावरून. ऐरण उचलून नेऊ नका म्हणजे झालं, पुढच्या बाईला लागेल."

साहेबांची नजर कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेली. धाकटी ट्यूबच्या उजेडाकडे पाठ करून बसली होती, आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला तशी तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. साहेबांनी खणातून वायर काढली आणि हेल्मेटाला जोडली.

आपटबाईने आधी दुसरं एक हेल्मेट घेतलं, बक्कल लावलं आणि आरशाच्या उंचीवरून हाताने सोडलं. एकदा नाही, दहा वेळा. दहाही वेळा पडद्यावर तीच रेघ आली: आधी क्षणभर एकदम शांत, कारण पडणारी वस्तू अधांतरी असते, मग एक बारीक उंच सुळका, मग उड्या, एक, दोन, तीन, चार, लहान लहान होत गेलेल्या, आणि मग पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ.

"आता गुरुवार लावा. दोन वाजून दहा मिनिटं."

गुरुवारच्या रेघेत आधीची शांतता नव्हती. चालत्या गाडीची थरथर होती, थेट धक्क्यापर्यंत. धक्काही सुळक्यासारखा बारीक नव्हता, रुंद टेकडीसारखा होता, आणि डोक्याचा पीळ दाखवणारी दुसरी रेघ त्याच क्षणी पडद्याबाहेर गेली होती. उडी एकही नाही. साहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांनाही कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. ते पान बंद करायला गेले.

"थांबा," आपटबाई म्हणाली. "धक्क्यानंतरची रेघ मोठी करा."

रेघ सरळ दिसत होती, पण मोठी केल्यावर ती सरळ नव्हती. अगदी हलकेच वर जात होती, खाली येत होती, परत वर. साहेब म्हणाले, सेन्सर बिघडला असेल. आपटबाईने घड्याळ काढलं आणि मिनिटाला लाटा किती ते मोजलं. सोळा. मग ती स्टुलापाशी गेली, धाकटीच्या पाठीवर तळहात ठेवला आणि परत मोजलं. सोळा.

"ही तू आहेस," ती म्हणाली. "पडून श्वास घेतेयस."

धाकटी उठली आणि पडद्याजवळ आली. उजेड डोळ्यांना टोचत होता तरी बघत राहिली. लाटा जात होत्या, जात होत्या. मग एक मोठी उसळी, ती उठून बसली तेव्हाची. कोपऱ्यात वेळ होती: चार मिनिटं वीस सेकंद.

"इतका वेळ?" ती म्हणाली.

"इतका वेळ."

"कोणीच नव्हतं?"

"हेल्मेट होतं."

धाकटीने खिशातून फोन काढला आणि गुरुवारची नोंद परत पाहिली. लाल, दोन दहा. 'रिकामं', दोन पंधरा. "म्हणजे मी शुद्धीवर आले," ती सावकाश म्हणाली, "आणि पहिलं काम काय केलं, तर ते बटण दाबलं. काय गाढव आहे मी. आणि तू काय बघत बसलीयस, ताई? शनिवारीच फरफटत नेता आलं नाही तुला?"

चार दिवसांनी ती पहिल्यांदा नेहमीच्या धारेने बोलली होती. आपटबाईला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते छापील कागद पाहिले आणि एकही प्रश्न न विचारता धाकटीला आत घेतलं. कवटीखाली थोडं रक्त साकळलं होतं. आज गाडीवर बसून दुसरा हिसका बसला असता तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. नुसती मान हलवली. अकरा दिवस दवाखान्यात, तीन महिने गाडी बंद. पहिल्या आठवड्यात धाकटी सगळं विसरायची आणि पुन्हा पुन्हा विचारायची, "ताई, त्या चार मिनिटांत मी काय करत होते?" आणि आपटबाई प्रत्येक वेळी सांगायची, "श्वास घेत होतीस."

त्या सोमवारी ट्रक सहीशिवायच आत परत गेला. वरच्या कचेरीतून आपटबाईला नोटीस आली. ती तिने सासरेबुवांच्या कपाळावर चिकटवली आणि त्यांना वरून एकदा सोडलं. मग ती रोज काम संपल्यावर तासभर थांबून रिकामी हेल्मेटं आपटायला लागली: आरशावरून, बाकावरून, जिन्यावरून. एकशे बारा वेळा. साहेबांनी ते कागद वर नेले आणि नोटिशीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आता पडण्याआधीची शांतता हेल्मेट स्वतःच ओळखतं. 'रिकामं' हे बटण गेलं, आणि चाचणीच्या कागदावर एक रकाना वाढला. तो भरला की मगच ती सही करते.

तीन महिन्यांनी दोघी गाडीतळावर गेल्या. धाकटी कोणाशी न बोलता फळ्यापाशी गेली, आपल्या नावापुढचं शून्य तळहाताने पुसलं आणि खडूने ठळक एक काढला.

"कशाला?" मुकादम खुर्चीतून उठला. "अकरा वर्षांचं शून्य. कोण विचारतंय आता?"

"मीच विचारते, रोज," धाकटी म्हणाली. "आणि तुमच्या फळ्यावरची बाकीची शून्यंही एकदा हेल्मेटांना विचारून घ्या."

तिने नवं हेल्मेट घातलं. आपटबाईने पुढे होऊन पट्टा हनुवटीखाली घट्ट ओढला आणि बक्कल लावलं.

"गळा आवळशील, ताई. दिवसाला साठ दारं आहेत."

"साठ वेळा काढ, साठ वेळा लाव."

धाकटी गाडीवर बसली, पण किल्ली फिरवली नाही. आता ती काही विसरत नव्हती, तरीही तिने विचारलं, "त्या चार मिनिटांत मी काय करत होते गं?"

"श्वास घेत होतीस," आपटबाई म्हणाली आणि वाटेतून बाजूला झाली.